जोखीम, नशीब आणि पुरुषांचं मौन : प्रोस्टेटच्या कर्करोगाचा एक इतिहास



व्याख्यानाचं बोलावणं आलं तेव्हा आयोजकांनी फोनवर विषय विचारला. मी म्हटलं, "प्रोस्टेटच्या कर्करोगाची जोखीम." तिकडे थोडा वेळ शांतता. मग ते हळूच म्हणाले, "पण सर, तुम्ही तर तत्त्वज्ञानाचे ना?" त्यांचं बरोबर आहे. मी डॉक्टर आहे तो पीएच.डी.चा. नाडी मला बघता येत नाही. तीस-पस्तीस वर्षं मुलांना तर्कशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झालो. त्यामुळे आज मी औषध सांगणार नाही, इतिहास सांगणार आहे. एखादी गोष्ट 'माहीत आहे' असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो, हा माझा जुना धंद्याचा प्रश्न. तो या रोगाच्या इतिहासात पावलोपावली भेटतो.

दुसरंही एक कारण आहे, ते आधीच सांगून टाकतो. माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, या रोगाने गेला. वैनगंगेच्या काठाला आमचं गाव, दादा धानाची शेती करायचा. रात्री चार-चार वेळा उठायचा, हे वहिनीला माहीत होतं. पुढे कंबर दुखायला लागली. रोवणीच्या दिवसांत वाकून वाकून दुखते, असं सगळे म्हणाले, मीही म्हटलं. दोन वर्षं तेल, शेक आणि गोळ्या चालल्या. नागपूरला नेलं तेव्हा रोग हाडांत उतरलेला होता. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "लघवीचा त्रास कधीपासून?" दादाने माझ्याकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं आणि मान खाली घातली. एकाहत्तर वर्षांचा माणूस, पण सख्ख्या भावासमोर त्याला ते सांगता येईना.

दादा गेल्यावर मी वाचायला लागलो. ते वाचलेलं आज तुमच्यासमोर ठेवतो.

रोगाला नाव मिळण्याआधी

प्रोस्टेट ही ग्रंथी पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती असते. सुपारीपेक्षा थोडी मोठी म्हणा. वीर्यातला काही द्रव ती तयार करते. शब्द ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ 'पुढे उभा असलेला'. म्हणून आपल्या वैद्यकीय परिभाषेत तिला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे प्रकार सांगितले आहेत, म्हणजे लघवी अडण्याचे. त्यांत 'वाताष्ठीला' नावाचा एक प्रकार आहे. गुदमार्ग आणि मूत्राशय यांच्यामध्ये गोट्यासारखी घट्ट, न हलणारी गाठ होते आणि ती मार्ग अडवते, असं ते वर्णन. आजचे वैद्य ते वाढलेल्या प्रोस्टेटशी जोडतात. पण इथे घाई करायची नाही. सुश्रुतांनी बोटाला लागणारी गाठ आणि अडलेली लघवी वर्णन केली. ती साधी वाढ की कर्करोग, हे सांगायला सूक्ष्मदर्शक लागतो, आणि तो यायला पुष्कळ शतकं होती.

तो आल्यावर, १८५३ साली, लंडन हॉस्पिटलचे शल्यविशारद अ‍ॅडम्स यांनी प्रोस्टेटच्या कर्करोगाचा एक रुग्ण पेशींच्या तपासणीसह नोंदवला. त्यांनी लिहिलं की हा अत्यंत दुर्मीळ आजार आहे. आज अनेक श्रीमंत देशांत तो पुरुषांमधला सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग आहे. पावणेदोनशे वर्षांत दुर्मीळ रोग घरोघरचा कसा झाला? तो वाढला, की आपण बघायला शिकलो? हा प्रश्न मनात ठेवा.

याचं एक उत्तर १९३५ साली मिळालं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये आर्नल्ड रिच हे विकृतिशास्त्रज्ञ होते. दुसऱ्याच कारणांनी मेलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांच्या शवविच्छेदनात त्यांनी प्रोस्टेट तपासल्या. सुमारे १४ टक्के लोकांत बारीकसा कर्करोग सापडला. जिवंतपणी त्याचा कुणालाच पत्ता नव्हता. पुढच्या अभ्यासांनी तर दाखवलं की पाश्चात्त्य देशांत सत्तरीतल्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या पुरुषांत असा झोपलेला कर्करोग असतो. हे लोक कर्करोग घेऊन मेले, कर्करोगाने मेले नाहीत. आता दादाला आठवा. त्याचा रोग झोपलेला नव्हता. एकाच नावाखाली दोन वेगळे प्राणी आहेत. पुढचा सगळा घोळ यातून होतो.

टाळता येतो, ही कल्पना

कर्करोग टाळता येतो, ही कल्पनाच मुळात कुठून आली? त्यासाठी १७७५ सालच्या लंडनला जाऊ. घरांच्या धुराड्यांत शिरून काजळी साफ करायला लहान पोरं ठेवत. ही पोरं मोठी झाली की त्यांच्या अंडकोशाच्या त्वचेवर व्रण यायचे. लोकांना वाटे, हा बाहेरख्यालीपणाचा रोग. पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने सांगितलं की हा कर्करोग आहे आणि कारण आहे काजळी. विचार करा, त्या माणसांवर दोन अन्याय झाले. एक काजळीचा, दुसरा बदनामीचा. शरीराचा तो भाग असा की कुणी बोलायचं नाही, आणि बोललं नाही की समाज स्वतःच कारण ठरवून मोकळा.

पॉट यांच्या शोधातून एक फार मोठा विचार निघाला. कारण सापडलं तर रोगाच्या आधीच रस्ता अडवता येतो. काजळी धुऊन काढा, रोग कमी. तंबाखूच्या बाबतीत विसाव्या शतकात हेच सिद्ध झालं. मग माणसाला वाटलं, प्रत्येक कर्करोगाची एक काजळी असणार. प्रोस्टेटची काजळी कुठली?

१९४१ साली शिकागोला चार्ल्स हगिन्स यांनी दाखवलं की पुरुषी संप्रेरक कमी केलं तर पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोगही मागे हटतो. १९६६ साली त्यांना नोबेल मिळालं. योगायोग बघा, त्याच १९४१ साली, २८ फेब्रुवारीला, मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. पण हगिन्स यांचा शोध उपचाराचा होता, टाळण्याचा नव्हता. आणि त्यात एक अडचण होती. या रोगाला खतपाणी घालणारी वस्तू पुरुषाच्या स्वतःच्या अंगातच तयार होते. ती काजळीसारखी धुऊन काढता येत नाही.

मोजणीची वही

जोखीम कमी करायची तर आधी मोजावी लागते. आपल्या देशात ही मोजणी महाराष्ट्रातून सुरू झाली, याचा आपल्याला अभिमान असायला हवा. डॉ. डी. जे. जुस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत कर्करोगाची लोकसंख्येवर आधारित नोंदणी सुरू केली. शहरातल्या दवाखान्या-दवाखान्यांतून रुग्णांची माहिती गोळा करून एका वहीत आणायची. भारतातली ही पहिली. त्यातून काय काय दिसलं! पारशी समाजात धूम्रपान कमी, कारण अग्नी त्यांना पवित्र. तर त्यांच्यात तंबाखूचे कर्करोग कमी निघाले. शहर एकच, हवा एकच, पण जगण्याच्या रीतीने रोग बदलला.

मग १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. तिथले कार्यकर्ते गावोगाव जायचे, लोकांशी बोलायचे, लक्षणं सांगायचे, संशयित रुग्णाला तपासणीला आणायचे. काही वर्षांत असं आढळलं की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीच्यापेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. कुठलंही यंत्र गावात नेलं नव्हतं. फक्त बोलणं नेलं होतं.

आता प्रोस्टेटकडे या. बार्शीच्या वहीत हा कर्करोग मुंबईच्या मानाने फार कमी. तर्कशास्त्राचा विद्यार्थी इथे थांबतो. वहीत कमी आहे, याची कारणं किती असू शकतात? एक, खेड्यातलं खाणं आणि कष्ट यांनी खरोखर रोग कमी असेल. दोन, हा म्हातारपणाचा रोग, आणि खेड्यात म्हातारे होण्याइतकं जगणारे पुरुष कमी असतील. स्वातंत्र्याच्या वेळी भारतातलं सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं, आज सत्तरच्या आसपास आहे. तीन, रोग आहे, पण कुणी तपासत नाही. म्हातारा कंबर धरून गेला, एवढंच गावाला कळतं. ही तिन्ही कारणं एकाच वेळी थोडी थोडी खरी असू शकतात. म्हणून "आमच्याकडे हा रोग नाहीच" असं जो छातीठोक सांगतो, त्याला विचारा, तुम्ही मोजलं का?

खाण्यापिण्याचा आणि परिसराचा काहीतरी हात आहे, हे मात्र स्थलांतरितांवरून दिसतं. १९६८ साली हेन्झेल आणि कुरिहारा यांनी अमेरिकेत गेलेल्या जपानी लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जपानमध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाने मरणारे फार कमी. अमेरिकेत गेलेल्या जपान्यांत ते प्रमाण वाढलेलं दिसलं. रक्त तेच, देश बदलला. म्हणजे सगळं नशीब नाही, काही भाग हाताशी आहे. पण कुठला भाग?

गोळीची आशा

इथून या कथेचा मोठा धडा सुरू होतो. १९९४ साली फिनलंडमधल्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा कर्करोग टाळायला त्यांना जीवनसत्त्वं दिली होती. बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग उलट वाढला. पण ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग सुमारे एक तृतीयांश कमी दिसला. दोन वर्षांनी सेलेनियमच्या एका प्रयोगातही तसंच. तो होता त्वचेच्या कर्करोगासाठी, आणि कमी झालेला दिसला प्रोस्टेटचा. लोकांना वाटलं, सापडली! दुकानांत बाटल्या खपायला लागल्या.

शास्त्रज्ञांनी मात्र योग्य ते केलं. खास हाच प्रश्न विचारणारा प्रयोग मांडला. २००१ साली सुरू झाला, ३५,५३३ पुरुष. चार गट पाडले. कुणाला सेलेनियम, कुणाला ई जीवनसत्त्व, कुणाला दोन्ही, कुणाला नुसती दिखाऊ गोळी. कोण काय घेतोय, हे ना त्याला ठाऊक ना डॉक्टरला. २००८ साली गोळ्या थांबवाव्या लागल्या, कारण उपयोग दिसेना. आणि २०११ साली पुढची आकडेवारी आली, ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त! हजारो धडधाकट माणसं रोग टाळायला गोळी घेत होती, आणि गोळीनेच जोखीम वाढवली.

दुसरी गोळी फिनास्टराइड. वाढलेल्या प्रोस्टेटसाठी ती आजही देतात. १९९३ साली १८,८८२ पुरुषांवर प्रयोग सुरू झाला. २००३ साली निकाल आला की कर्करोग जवळजवळ चतुर्थांशाने कमी. पण गोळी घेणाऱ्यांत जे कर्करोग सापडले, त्यांत आक्रमक प्रकारचे थोडे अधिक दिसले. २०१३ साली अठरा वर्षांचा हिशेब मांडला, तर गोळी घेतलेले आणि न घेतलेले, दोघांचं जगणं जवळपास सारखंच. म्हणजे कमी झाले ते बहुतेक झोपलेले कर्करोग.

मंडळी, आपल्याकडे कुणी हे चूर्ण विकतं, कुणी ते. वैदूच्या झोळीतल्या प्रत्येक मुळीला मी नावं ठेवत नाही. आपल्या जंगलाचं ज्ञान मोठं आहे. पण पस्तीस हजार लोकांवर तपासल्याशिवाय ज्यांना स्वतःच्या गोळीचा खोटेपणा कळला नाही, त्यांची गोष्ट ऐकल्यावर एवढं तरी विचारा : "हे किती जणांना दिलं, आणि ज्यांना दिलं नाही त्यांचं काय झालं?" हा प्रश्न कंपनीच्या बाटलीलाही विचारायचा आणि बाजारातल्या पुडीलाही.

तपासणीची आशा

गोळी नाही तर तपासणी. रक्तातल्या पीएसए या प्रथिनाची मोजणी १९८६ साली अमेरिकेत मान्य झाली, ती रोग झालेल्यांवर लक्ष ठेवायला. १९९४ साली रोग शोधण्यासाठीही मान्यता मिळाली. एक थेंबभर रक्त, एक आकडा. लाखो पुरुषांनी तपासून घेतलं. पण पीएसए साध्या वाढीनेही वाढतं, जंतुसंसर्गानेही वाढतं. आकडा वाढला की सुईने तुकडा काढायचा, आणि त्यात तो झोपलेला कर्करोग सापडायचा. सापडला की शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार. मग अनेकांना लघवीवर ताबा राहिना, संसारसुख गेलं. ज्या रोगाने ते कधीच मेले नसते, त्याच्या उपचाराने ते आजारी झाले. प्रोस्टेटमधल्या प्रतिजनांवर १९७० च्या सुमारास काम केलेले रिचर्ड एब्लिन यांनीच २०१० साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून ही सरसकट तपासणी मोठी चूक असल्याचं सांगितलं.

पण म्हणून तपासणी व्यर्थ का? नाही, इथेही घाई नको. २००९ साली दोन मोठे प्रयोग एकदमच प्रसिद्ध झाले. अमेरिकेतल्या प्रयोगात फरक दिसला नाही, पण तिथे 'तपासायचे नाहीत' त्या गटातल्या पुष्कळांनी बाहेरून तपासून घेतलं होतं. युरोपातल्या प्रयोगात मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. त्याचा अर्थ असा होता की एक मृत्यू टाळायला १,४१० पुरुषांची तपासणी आणि ४८ जास्तीचे उपचार. हे नऊ वर्षांनंतरचं. २०२५ साली तेवीस वर्षांचा हिशेब आला. घट १३ टक्के. ४५६ पुरुषांना तपासणीला बोलावलं तर एक मृत्यू टळतो, आणि जास्तीचे १२ रोगी सापडतात. वेळ जसा गेला तसा फायदा स्पष्ट झाला. पण तो लहानच आहे आणि त्याची किंमत आहे.

दरम्यान इंग्लंडमधल्या एका प्रयोगाने आणखी एक गोष्ट शिकवली. तपासणीत सापडलेला, ग्रंथीपुरता मर्यादित कर्करोग असलेले १,६४३ पुरुष घेतले. काहींची शस्त्रक्रिया केली, काहींना किरणोपचार दिले, काहींवर नुसतं लक्ष ठेवलं. २०२३ साली, पंधरा वर्षांनंतर, तिन्ही गट मिळून या रोगाने मेलेले होते तीन टक्क्यांहूनही कमी, आणि गटागटांत त्या बाबतीत म्हणावा असा फरक नव्हता. म्हणजे रोग सापडला की लगेच कापलंच पाहिजे, असं प्रत्येकाच्या बाबतीत नाही. सापडणं आणि कापणं यांच्यामध्ये विचाराला जागा आहे. ही जागा सापडायला वैद्यकशास्त्राला फार वर्षं लागली.

अमेरिकेतल्या सल्लागार मंडळाची फरफट तर बघण्यासारखी. २०१२ साली त्यांनी सांगितलं, सरसकट तपासणी करू नका. २०१८ साली सांगितलं, ५५ ते ६९ वयाच्या पुरुषाने डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावं. सत्तरीनंतर सरसकट नको. काही लोक याला हसतात, रोज मत बदलतात म्हणून. मला ते प्रामाणिकपणाचं लक्षण वाटतं. पुरावा बदलला, मत बदललं.

आपल्या जिल्ह्याने शिकवलेलं

"स्वतः ठरवावं." हे शब्द ऐकले की मला गडचिरोली आठवते. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) तुम्हाला मी काय सांगायचं! तिथे आधी अभ्यास गट बसतो, माहितगाराला बोलावून प्रश्न विचारतो, आणि मग ग्रामसभा सर्वसहमतीने ठरवते. बाहेरचा माणूस माहिती देईल, निर्णय देणार नाही. परदेशातल्या डॉक्टरांना पीएसएच्या बाबतीत जे तीस वर्षं ठेचा खाऊन उमगलं, त्याची रीत आपल्या जंगलातल्या एका गावाने जंगलासाठी बसवली होती. आणि या कुरखेड्यात १९८४ पासून जी संस्था काम करते, तिचं नावच बघा, 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी'. त्या नावात डॉक्टरही नाही आणि देवही नाही. 'आम्ही' आहोत.

दुसरी गोष्ट. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा एक अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. याच जिल्ह्यातली दोन गावं, वसा आणि अमिर्झा. ६५० बायका. त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी एक तरी त्रास होता. आणि त्यासाठी आधी कधी तपासून घेतलेल्या किती? ८ टक्के. त्याआधी जगाला वाटायचं, खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण. कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं तेव्हा मौनाच्या खाली एवढं दुःख निघालं.

मी आज असं म्हणायला आलो आहे की पुरुषांचंही एक मौन आहे. बायकांचं मौन लादलेलं होतं. आपलं निम्मं आपणच मिशीखाली जपलेलं आहे. रात्री लघवीला उठणं, धार बारीक होणं, थांबून थांबून होणं, हे आपण वयावर ढकलतो. आणि बहुतेकदा ते वयाचंच असतं, ही दिलाशाची गोष्ट आहे. म्हातारपणी प्रोस्टेट बहुतेकांची वाढते, ती वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, आणि त्यावर उपचार आहेत. उलट, सुरुवातीचा कर्करोग बहुधा कसलंच लक्षण दाखवत नाही. पण लघवीतून रक्त, पूर्ण अडलेली लघवी, कंबरेचं किंवा हाडांचं रात्रीही न थांबणारं दुखणं, पायांतली ताकद अचानक जाणं, हे वयाचं नाही. इथे तेल आणि शेक पुरे. यातलं काहीही असेल तर लगेच दवाखाना. लघवी अडली किंवा पाय गळाले तर त्याच दिवशी.

मग हाती काय उरलं?

एवढा इतिहास सांगून झाल्यावर तुम्ही म्हणाल, सर, करायचं काय ते सांगा. सांगतो, पण निराशा होईल, कारण यात चमत्कार नाही.

वय, घराणं आणि वंश यांवर इलाज नाही. बाप किंवा भाऊ यांना हा रोग झाला असेल तर जोखीम साधारण दुप्पट होते. आणि फक्त पुरुषांचंच विचारू नका. घरात आई-बहिणींना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर तोही दोष कधी कधी बीआरसीए नावाच्या जनुकातून मुलाकडे येतो. तेव्हा घराण्याची ही वही तयार करा. सातबारा जपता ना? तसं हेही लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

तंबाखू. इथे मी शब्द जपून वापरतो. खर्‍याने प्रोस्टेटचा कर्करोग होतो, असं मी म्हणत नाही. तोंडाचा होतो, हे सिद्ध आहे आणि आपल्या भागात ते डोळ्यांनी दिसतं. प्रोस्टेटच्या बाबतीत एवढं दिसलंय की ज्यांना तो रोग होतो, त्यांतल्या विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत त्याने मरण्याचं प्रमाण जास्त आहे. वजन फार वाढलेल्यांत आक्रमक प्रकाराची जोखीम अधिक दिसते. चालणं-फिरणं, कष्ट, भाजीपाला यांनी शरीराचं बाकी सगळं सुधारतं, प्रोस्टेटला मदत झाली तर तो वरचा नफा. टोमॅटोने हा रोग टळतो, असं तुम्ही वाचलं असेल. टोमॅटो खा, स्वस्त असेल तेव्हा भरपूर खा, पण त्यावर भरवसा ठेवून बसू नका. ई जीवनसत्त्वाची गोष्ट विसरू नका.

आणि तपासणी? ज्याचं वय पंचावन्नच्या पुढे आहे, किंवा घराण्यात रोग आहे, त्याने डॉक्टरांना हे तीन प्रश्न विचारावेत. आकडा जास्त आला तर पुढे काय काय करावं लागेल? काही सापडलं तर नुसतं लक्ष ठेवणं चालेल का? आणि माझं वय, माझे बाकीचे आजार बघता मला त्याचा फायदा मिळायला वेळ आहे का? मी स्वतः काय केलं, ते सांगतो. दादा गेल्यावर एकसष्टाव्या वर्षी मी पीएसए तपासलं, कारण माझा भाऊ गेला होता. पुढेही अधूनमधून केलं. सत्तरी गाठल्यावर डॉक्टरांशी बसून बोललो आणि थांबलो. हा माझा निर्णय आहे, तुमच्यासाठी नियम नाही. शेजारी बसलेल्या गृहस्थांचा वेगळा असू शकतो, आणि दोघेही शहाणे असू शकतात.

जोखीम

शेवटी एका शब्दाबद्दल बोलतो, नाहीतर माझा पेशा वाया गेला म्हणाल. मराठीत 'जोखीम' म्हणजे धोका. पण जुनी माणसं दागिने किंवा रोकड बरोबर असली की म्हणायची, "जवळ जोखीम आहे, रात्रीचा प्रवास नको." म्हणजे जोखीम म्हणजे धोकाही आणि मौल्यवान वस्तूही. जवळ काही मोलाचं असतं, म्हणून तर धोका असतो. हा अर्थ मला फार आवडतो. आपण शरीराची जोखीम कमी करायची ती भीतीपोटी नाही. जवळ काही मोलाचं आहे, म्हणून.

तुम्ही विचाराल, दादाने लवकर सांगितलं असतं तर तो वाचला असता का? हा प्रश्न मी स्वतःला कितीदा विचारला असेल. प्रामाणिक उत्तर असं की ठाऊक नाही, आणि कळायला मार्गही नाही. ४५६ पुरुषांत एकाचा मृत्यू टळतो, पण तो एक कोण, हे कुठलाही आकडा सांगत नाही. आकडे गावाचे असतात, माणूस एकटा असतो. पण एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. ती दोन वर्षं त्याने जे दुखणं एकट्याने काढलं, ते तरी एकट्याने काढावं लागलं नसतं. हाडांचं दुखणं कमी करायला औषधं आहेत, किरणोपचार आहेत, हगिन्स यांच्यापासून चालत आलेले संप्रेरकांचे उपचार आहेत. आयुष्य वाढलं असतं की नाही, माहीत नाही. त्या रात्री सोप्या गेल्या असत्या, हे नक्की. आणि त्यासाठी कुठली महाग तपासणी लागत नव्हती. त्याने माझ्याशी बोलायला हवं होतं, आणि खरं तर मी त्याला विचारायला हवं होतं. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या भावाने रोवणीला बोट दाखवलं आणि पुढे विचारलं नाही. ही चूक मी दुसऱ्या कुणाच्या माथी मारत नाही.

आज घरी गेल्यावर एवढं करा. घरात साठीच्या पुढचा पुरुष असेल, वडील, काका, मामा, मोठा भाऊ, त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "रात्री किती वेळा उठता?" तो पहिल्यांदा चिडेल. दुसऱ्यांदा हसण्यावारी नेईल. तिसऱ्यांदा सांगेल.

मागे भिंतीला टेकून उभी असलेली मंडळी इतका वेळ थांबली, याचं मला विशेष वाटलं. आता प्रश्न विचारा. माइकवर विचारायला संकोच वाटत असेल तर चिठ्ठी पाठवा, नाव लिहू नका. चहाच्या वेळी बाजूला घेऊन विचारलंत तरी चालेल. उत्तर मला येईलच असं नाही, पण इथले डॉक्टर बसलेले आहेत, आपण दोघे मिळून त्यांना विचारू.